चार टिंबांतून पाणथरी बाहेर येते कशी?

आमच्या लालबागच्या चाळीत मला नावाने कोणी हाक मारत नाही. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांची मी 'सिस्टर'. 34 वर्षं पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात नोकरी केली, त्यातली बहुतेक ऑपरेशन थिएटरात, सर्जनच्या समोर ट्रॉली लावून. निवृत्त झाले तरी संध्याकाळी कोणी ना कोणी फाइल घेऊन दारात उभं असतंच.

गेल्या वर्षी जानेवारीत शेजारच्या वहिनी आल्या. फाइल लेकीची. वय 26, अंधेरीला नोकरी. प्लेटलेट 11,000. मांडीवर, दंडावर काही न लागता काळेनिळे डाग, दात घासताना रक्त. दीड वर्ष स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या, त्यांनी चेहरा सुजून गोल झाला, गोळ्या कमी केल्या की प्लेटलेट पुन्हा खाली. आता डॉक्टर म्हणाले होते, प्लीहा, म्हणजे पाणथरी, काढू या, दुर्बिणीतून.

वहिनींनी फायलीतून एक कागद काढला. डॉक्टरांनी त्यावर पोटाचं चित्र काढून चार टिंबं दिली होती. "सिस्टर, मला एवढंच सांगा. या टिंबातून आख्खा अवयव बाहेर येणार कसा? का आतच ठेवून देतात?"

यात हसण्यासारखं काही नव्हतं. पहिल्यांदा हे ऑपरेशन टेबलावर बघायच्या आदल्या रात्री मीही याच प्रश्नावर जागी होते. आणि हा एकच प्रश्न नीट उलगडला की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. फक्त सुरुवात जरा आधीपासून करावी लागते.

आपला डावा तळहात डाव्या कुशीवर, खालच्या बरगड्यांवर ठेवा. त्याच्या आत, जठराच्या मागे, छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या पडद्याच्या खाली प्लीहा बसलेली असते. जुन्या माणसांच्या तोंडी पाणथरी. आम्हाला नर्सिंगला असताना विषम आकड्यांची एक युक्ती शिकवली होती: 1 इंच जाड, 3 इंच रुंद, 5 इंच लांब, वजन 7 औंस म्हणजे साधारण 200 ग्रॅम, आणि जागा 9व्या ते 11व्या बरगडीच्या आड. धडधाकट माणसाची पाणथरी सहसा हाताला लागत नाही. लागली तर ती वाढलेली आहे असं समजायचं. मलेरियात ती वाढते. 1840च्या दशकात यमुनेच्या कालव्यांकाठच्या गावांत मलेरिया किती पसरलाय हे मोजण्यासाठी इंग्रजांच्या डॉक्टरांनी गावकऱ्यांची पोटं चाचपून किती जणांची पाणथरी हाताला लागते ते मोजलं होतं. रक्त तपासायची सोय नव्हती, मलेरियाचा जंतूही अजून सापडला नव्हता. पाणथरीनेच साक्ष दिली.

ती करते काय? दादर स्टेशनचा पूल संध्याकाळी सात वाजता डोळ्यांसमोर आणा. तरणी पोरं अंग चोरून कुठूनही सटकतात. गुडघे धरलेला म्हातारा माणूस मात्र अडकतो. पाणथरीत रक्ताला अशाच अरुंद फटींतून जावं लागतं. तांबडी रक्तपेशी 7-8 मायक्रॉनची, आणि फट तिच्यापेक्षा कितीतरी बारीक. लवचिक पेशी अंग मुडपून पलीकडे जाते. 120 दिवसांचं आयुष्य संपत आलेली, ताठरलेली पेशी अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळून टाकतात. त्यातलं लोह पुन्हा वापरायला परत जातं, वाया जात नाही. शरीरातल्या जवळजवळ एक तृतीयांश प्लेटलेटही कुठल्याही क्षणी इथेच मुक्कामाला असतात. आणि रक्तातून वाहत आलेले काही खास जंतू पकडायचं कामही पाणथरीचंच. हे शेवटचं काम लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं येतं.

वहिनींच्या लेकीला होता तो आजार फायलीवर आयटीपी असा लिहिलेला असतो. इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच प्लेटलेटना परकं समजते आणि त्यांना अँटिबॉडीचं लेबल चिकटवते. लेबल लागलेली प्लेटलेट पाणथरीतून गेली की भक्षक पेशी तिला गिळतात. म्हणजे पाणथरी आपलं काम इमानाने करत असते, लेबलंच चुकीची लागलेली असतात. पण ही लेबलं बऱ्याच अंशी छापलीही तिथेच जातात, त्यामुळे पाणथरी काढली की छापखाना आणि कत्तलखाना दोन्ही एकदम बंद होतात. साधारण तीनातल्या दोन रुग्णांना याचा टिकाऊ फायदा होतो. तिसऱ्याला होत नाही, आणि तो तिसरा कोण हे आधी खात्रीने सांगता येत नाही. ही गोष्ट डॉक्टरांनी सांगितली नसेल तर विचारून घ्यावी.

पूर्वी स्टेरॉइडने भागलं नाही की पुढची पायरी थेट ऑपरेशनची असायची. आता एल्ट्रोम्बोपॅग, रोमिप्लोस्टिम, रिटुक्सिमॅब अशी औषधं आली आहेत. अमेरिकेतल्या रक्तरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली दिलेला सल्ला असा, की निदान झाल्यापासून निदान एक वर्ष तरी ऑपरेशनची घाई करू नये, कारण काही जणांचा आजार या काळात आपणहून ओसरतो. या मुलीचं दीड वर्ष झालं होतं, औषधं करून झाली होती. म्हणून प्रश्न ऑपरेशनवर आला होता.

पाणथरी काढायची कारणं आणखीही असतात. रक्तपेशी जन्मतः गोल चेंडूसारख्या असण्याचा आनुवंशिक आजार, थॅलेसेमियात रक्त चढवायची गरज फारच वाढणं, हायडॅटिडच्या म्हणजे एका जंतामुळे होणाऱ्या गाठी, काही लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींचे कर्करोग. पालघर-डहाणूकडून सिकलसेलची मुलं आमच्याकडे यायची, त्यांच्यातल्या काहींच्या पाणथरीत अचानक रक्त साचून पोट टम्म फुगायचं. लहान मुलांत शक्यतो पाच-सहा वर्षांच्या आत हे ऑपरेशन टाळतात. अपघातात फुटलेल्या पाणथरीची गोष्ट वेगळी. हल्ली ती बऱ्याचदा न काढता, नजर ठेवून, नाहीतर रक्तवाहिनी आतून बंद करून वाचवतात. आणि रक्तदाब कोसळत असेल तर दुर्बीण-बिर्बीण काही नाही, सरळ पोट उघडायचं.

मी नोकरीला लागले तेव्हा पाणथरीचं प्रत्येक ऑपरेशन उघडूनच व्हायचं. डाव्या बरगडीखालून तिरका, वीतभर छेद. रुग्ण आठवडाभर वॉर्डात, खोकताना उशी पोटाशी धरून. मग 1990 साली इथेच, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. ही देशातली अशी पहिली शस्त्रक्रिया. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये देलेत्र या सर्जननी दुर्बिणीतून पाणथरी काढली. पित्ताशय ही एका देठाला लटकलेली पिशवी. पाणथरीचं मात्र तसं नाही. तिच्यातून दर मिनिटाला भरपूर रक्त वाहतं, आवरण पातळ, आणि आतला गर ताज्या कलेजीसारखा मऊ. चिमट्याने धरायला गेलात की फाटते, आणि फाटली की समोरच्या टीव्हीच्या पडद्यावर सगळं लालच लाल. म्हणून दुर्बिणीतून पाणथरी काढणारा सर्जन तिला धरत नाही. तिच्याखाली अवजाराची दांडी घालून अलगद उचलतो, तव्यावरून घावन उलथताना आपण जपतो तसा.

आता थिएटरात चला.

रुग्णाला उताणं ठेवत नाहीत. उजव्या कुशीवर, डावी बाजू वर. कमरेखाली उशी, टेबल मधून थोडं वाकवलेलं, म्हणजे बरगडी आणि कंबर यांच्यातली जागा उघडते. हे करायला दोन मामा, एक मावशी, भूलतज्ज्ञ आणि मी, सगळे लागायचो. (पालिकेच्या रुग्णालयात वॉर्डबॉयला मामा आणि आयाबाईंना मावशी म्हणतात, ती नात्यातली नव्हेत.) बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं एवढा वेळ आत काय चाललंय, तर पहिला अर्धा तास बरेचदा हेच चाललेलं असतं. पण या कुशीवर निजवण्यातच निम्मं ऑपरेशन आहे. जठर, आतडं आपल्याच वजनाने उजवीकडे कलंडतात, आणि पाणथरी वरच्या पडद्याला अडकून झाडावरच्या फणसासारखी लोंबत राहते. तिचा देठ आपसूक समोर येतो.

मग पोटात वायू भरायचा. कार्बन डायऑक्साइड, 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. साधी हवा का नाही? एक तर आत विजेवर चालणारी, तापणारी अवजारं असतात आणि हा वायू जळत नाही, हवेसारखा जळायला मदतही करत नाही. दुसरं, तो रक्तात पटकन विरघळतो आणि श्वासातून बाहेर पडतो.

डॉक्टरांची टिंबं ती इथे येतात. तीन किंवा चार, 5 मिलिमीटरपासून 12 मिलिमीटरपर्यंतची. प्रत्येकात एक नळी बसवतात, तिला आम्ही पोर्ट म्हणतो. एकातून दुर्बीण. आपण दुर्बीण म्हणतो खरं, पण ती पेन्सिलीपेक्षा थोडी जाड सळई असते, टोकाला दिवा आणि तिरपी नजर, म्हणजे कोपऱ्याआडचंही दिसतं. बाकीच्यांतून लांब दांड्यांची अवजारं.

सगळ्यात आधी सर्जन काही कापत नाही, शोधतो. साधारण 10 ते 20 टक्के लोकांच्या पोटात मुख्य पाणथरीशिवाय वाटाण्याएवढी, सुपारीएवढी एखादी उपपाणथरी असते. आयटीपीत ती राहिली तर कालांतराने वाढते, मोठीचं काम हाती घेते आणि प्लेटलेट पुन्हा घसरतात. रक्त सांडायच्या आधी शोधलेलं बरं, नंतर लालात लाल दिसत नाही.

मग एकेक बंध सोडवत जायचं. आधी खालून मोठ्या आतड्याचा, मग जठराकडचा, ज्यात आखूड आखूड रक्तवाहिन्यांची रांग असते. एक अवजार असतं, ते पेशी तापवून, दाबून रक्तवाहिनी बंद करतं आणि तिथेच कापतं. मग देठ. यात पाणथरीची धमनी आणि शीर. आणि इथेच शेजारी, कधी कधी अगदी चिकटून, स्वादुपिंडाचं शेपूट. देठ कापताना त्या शेपटाला धक्का लागला तर पाचकरस पोटात गळतो आणि पुढचे काही आठवडे रुग्णाचे हाल. माझ्या अनुभवात थिएटरात सगळ्यात शांतता या दहा मिनिटांत असते. एरवी मागे बारीक आवाजात गाणी लावणारे सर्जनही इथे ती बंद करायला सांगत. देठ बहुधा स्टेपलरने बंद करतात: दोन्ही बाजूंना बारीक टाचण्यांच्या ओळी बसतात आणि मधून पातं फिरतं. शिवणं आणि कापणं एकाच दाबात. काही सर्जन क्लिपा लावतात, काही धाग्याने बांधतात. स्टेपलर एकदाच वापरायचा आणि महाग असतो, त्यामुळे आधी खर्चाचा अंदाज घेताना तो धरलाय का हे विचारायला लाजू नये. सरकारी योजनेत बसत असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधीच गाठावं, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

धमनी बंद झाली की पाणथरीचा रंग उतरतो. जांभळट चकाकी जाऊन ती मळकट, काळपट होते. त्याच वेळी सर्जन भूलतज्ज्ञांकडे बघून म्हणतो, "आता चालवा." म्हणजे प्लेटलेटची पिशवी. प्लेटलेट 11,000 असलेल्या मुलीला ऑपरेशनच्या आधीच भरपूर प्लेटलेट का चढवत नाहीत, हा वहिनींचा दुसरा प्रश्न होता. कारण पाणथरी जागेवर असेपर्यंत चढवाल त्या ती गिळून बसते. म्हणून ऑपरेशनआधी स्टेरॉइड किंवा इम्युनोग्लोब्युलिन देऊन आकडा थोडा वर आणतात, पिशव्या रक्तपेढीतून मागवून तयार ठेवतात, आणि गिळणारी बंद झाली की, गरज असेल तरच, देतात.

आता तो प्रश्न. पाणथरी सुटली, पोटात मोकळी पडली. टिंब बोटाएवढं. पुढे?

मी वहिनींना म्हटलं, स्वयंपाकघरातून पाण्याची रिकामी बाटली आणा, एक दुधाची धुतलेली पिशवी आणि दोन पिकलेले चिकू. बाटलीचा तळ कापला. हे पोट. बाटलीचं तोंड, हा आपला पोर्ट. चिकू दुधाच्या पिशवीत घातले, पिशवी तळातून बाटलीत सरकवली आणि पिशवीचं तोंड बाटलीच्या तोंडातून बाहेर ओढून कडेवर उलटं पसरवलं. "ओढा आता चिकू बाहेर." वहिनींनी ओढलं. चिकू तोंडाशी येऊन अडकले. "आता पिशवीत बोट घाला आणि आतल्या आत कुस्करा." कुस्करल्यावर चिकू चमच्याने बाहेर आले, मग उरलेल्या मऊ रगाड्यासकट पिशवीही आली. बाटली आतून कोरडीच.

अगदी हेच करतात. घडी घातलेली मजबूत पिशवी पोर्टमधून आत जाते आणि आत उघडते. पाणथरी तिच्यात ढकलणं हे काम कागदावर एका ओळीचं, प्रत्यक्षात गोधडी उशीच्या अभ्र्यात कोंबण्यासारखं. पिशवी फिरते, पाणथरी निसटते, दुर्बिणीवर रक्ताचा थेंब उडतो, ती काढून पुसून पुन्हा घालायची. बसली की पिशवीचं तोंड सगळ्यात मोठ्या छेदातून बाहेर ओढतात, छेद गरजेप्रमाणे दोन-तीन सेंटिमीटर करतात, आणि पिशवीतच बोटाने, चिमट्याने पाणथरीचे तुकडे करून ते काढतात. मी ट्रॉलीवर वाडगं पुढे धरायची. त्यात पडणारं बघून नव्या मुली पहिल्यांदा तोंड फिरवतात.

पिशवी फाटू न देण्याला एवढं महत्त्व का? पाणथरीचा कण पोटात सांडला तर तो मरतोच असं नाही. आतड्यावर, पोटाच्या भिंतीवर कुठेही रुजतो, रक्तपुरवठा मिळवतो आणि छोटी पाणथरी होऊन बसतो. मग आयटीपी परत. आणि एक अपवाद: पाणथरीत गाठ असेल, कर्करोगाची शंका असेल, तर तुकडे करून चालत नाही. पॅथॉलॉजीला ती अखंड लागते. तेव्हा दुर्बिणीने सोडवून शेवटी ओटीपोटावर एक मोठा छेद घेतात आणि आख्खी काढतात.

"मग सरळ पोट उघडून, डोळ्यांनी नीट बघून का नाही काढत?" वहिनींचा हा प्रश्न मला बरोबर वाटतो आणि त्याचं उत्तर 'दुर्बीण नेहमीच चांगली' असं नाही. पाणथरी नेहमीच्या आकाराची किंवा थोडी वाढलेली असेल, तर दुर्बिणीने वेदना कमी, जखम पिकायची भीती कमी, हर्नियाची शक्यता कमी, दोन-तीन दिवसांत घर. आणि नीट बघणं म्हणाल तर टीव्हीच्या पडद्यावर देठ जितका मोठा दिसतो तितका उघड्या पोटातही दिसत नाही. पण पाणथरी 15 सेंटिमीटरच्या पुढे गेली की काम अवघड होत जातं. 20च्या पुढे बरेच सर्जन सात-आठ सेंटिमीटरचा छेद घेऊन एक हात आत घालतात आणि दुर्बिणीच्या साथीने काढतात, किंवा सरळ उघडतात. यकृताच्या आजाराने पोटातल्या शिरा फुगलेल्या असतील तर आणखी सावध. मध्येच रक्तस्राव आवरेना झाला तर पोट उघडावं लागतं. संमतीपत्रात ती ओळ असते, नातेवाईक ती वाचून घाबरतात आणि झालंच तसं तर "ऑपरेशन फसलं" म्हणतात. मला विचाराल तर, "गरज पडली तर मी उघडणार" असं आधीच तोंडावर सांगणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो.

मुलीचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. अडीच तास. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले तर ती पोटाची तक्रारच करेना. "सिस्टर, पोट ठीक आहे. खांदा का दुखतोय? टेबलावर मला पाडलं का?" नाही गं बाई. पोटात उरलेला वायू पडद्याला टोचतो. पडद्याची नस आणि खांद्याच्या कातडीची नस मानेत एकाच ठिकाणाहून निघतात, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो. एक-दोन दिवसांत वायू विरतो, खांदा थांबतो. उशाशी तीन निळ्या चेंडूंचं ते खेळणं होतं, श्वास ओढून चेंडू वर चढवायचे. कंटाळवाणं आहे, पण पाणथरी डाव्या पडद्याखाली होती, तिथे दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही आणि डाव्या फुफ्फुसाचा तळ मिटून बसतो. ते चेंडू त्याच्यासाठी.

तिसऱ्या दिवशी घरी. प्लेटलेट 11,000 वरून काही दिवसांत साडेचार लाख, मग सहा लाख. वहिनी पेढे घेऊन आल्या. मी पेढा खाल्ला आणि सांगितलं की या वाढण्यावरही नजर हवी. ऑपरेशननंतर आकडा कधी कधी 10 लाखांच्याही वर जातो आणि यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी व्हायची भीती असते. पहिल्या काही आठवड्यांत पोट दुखायला लागलं, ताप आला, तर गॅस झाला म्हणून ओवा खाऊन बसायचं नाही.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं काम. भोकं चार का असेनात, पाणथरी गेली ती आख्खी गेली. छेदाचे व्रण वर्षभरात फिके होतात, पण ही उणीव जन्मभराची. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी, या जंतूंच्या अंगावर गुळगुळीत वेष्टण असतं, ते इतरांच्या हातून निसटतात. पाणथरी त्यांना पकडायची. 1952 साली किंग आणि शूमाकर या अमेरिकी डॉक्टरांनी पाणथरी काढलेल्या तान्ह्या मुलांना झालेल्या भयंकर संसर्गांची नोंद केली, तेव्हा वैद्यकाला ही गोष्ट नीट कळली. त्याआधी पाणथरी म्हणजे असली काय, नसली काय, असंच समजत. असा संसर्ग क्वचितच होतो. पण झाला तर सकाळी साधा ताप, अंगदुखी, आणि रात्री माणूस आयसीयूत. पहिली दोन-तीन वर्षं धोका जास्त, पण शून्य कधीच होत नाही.

म्हणून लसी. ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी, म्हणजे पाणथरी जागेवर असतानाच शरीर धडा शिकून घेतं. तिन्ही जंतूंच्या लसी, शिवाय दर वर्षी फ्लूची. काहींचे पुढचे डोस काही आठवड्यांनी, काहींचे काही वर्षांनी असतात. ते वेळापत्रक लिहून घेऊन फायलीत नव्हे, फ्रिजवर लावायचं. अपघातात तातडीने काढली असेल तर लसी साधारण दोन आठवड्यांनी देतात. लहान मुलांना पेनिसिलीनही बराच काळ चालू ठेवतात.

आणि मुंबईत राहणाऱ्याला दोन गोष्टी जादा सांगाव्या लागतात. एक, मलेरिया. पाणथरी नसलेल्या माणसात तो जोर करू शकतो, तेव्हा मच्छरदाणीला नाक मुरडायचं नाही. दुसरं, गल्लीतलं कुत्रं. रेबीजची सुई सगळे घेतात, पण कुत्र्याच्या तोंडातला एक वेगळाच जंतू पाणथरी नसलेल्यांना गाठतो, म्हणून चावा असो की ओरखडा, अँटिबायोटिकसाठी त्याच दिवशी डॉक्टर.

ताप आला की क्रोसिन घेऊन 8.12ची लोकल पकडायची, ही आपल्या शहराची रीत. या मुलीला मी ती मोडायला लावली. एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'माझी प्लीहा काढलेली आहे. ताप असल्यास तातडीने उपचार करावेत.' खाली ऑपरेशनची तारीख, लसींच्या तारखा, डॉक्टरांचा नंबर. तो पुठ्ठा रेल्वेच्या पासाच्या प्लॅस्टिकमध्ये, पासाच्या पाठीला पाठ लावून. डॉक्टरांनी लिहून दिलेलं अँटिबायोटिक घरात एक, पर्समध्ये एक.

जुलैत एका रात्री साडेअकराला वहिनींनी दार वाजवलं. मुलीला 101 ताप, थंडी वाजतेय. बाहेर पाऊस असा, की गल्लीच्या तोंडाशी पोटरीभर पाणी. वहिनी म्हणत होत्या, सकाळपर्यंत बघू या का. मुलगी मात्र चप्पल घालून तयार होती, अँटिबायोटिकची पहिली गोळीही डॉक्टरांना फोन करून घेतलेली. टॅक्सी मिळेपर्यंत चिंचपोकळीच्या पुलापर्यंत चालत गेलो. कॅज्युअल्टीत रांग होती. तिने पास काढला, उलटा करून टेबलावरच्या पोरगेल्या डॉक्टरपुढे धरला. त्याने वाचलं, आणि रांगेतल्या आम्हाला आधी आत घेतलं. रक्ताचं कल्चर, मलेरियाची तपासणी, सलाइनमधून अँटिबायोटिक, सगळं अर्ध्या तासात.

दोन रात्री ठेवून घेतलं. कल्चरमध्ये काही आलं नाही, मलेरियाही नव्हता. कुठलातरी व्हायरल होता, तिसऱ्या दिवशी उतरला.

घरी येताना टॅक्सीत वहिनी कुरकुरल्या. "साध्या तापासाठी दोन रात्री बाकड्यावर काढल्या, सिस्टर."

"साधा होता हे आज कळलं ना, वहिनी," मी म्हटलं. "परवा रात्री कुठे माहीत होतं?"

मुलगी मागे बसून ओला पास रुमालाने पुसत होती. पुठ्ठ्यावरची शाई एका कोपऱ्यात पसरली होती. "नवीन लिहून द्या," ती म्हणाली, "आणि या वेळी बॉलपेनने."